साभार परत : मराठी मासिकांतील कथानिवडीचा इतिहास

मराठी मासिकांकडे आलेली जी कथा अंकात घ्यावयाची नसे, ती ‘साभार परत’ असा शेरा असलेल्या चिठ्ठीसह लेखकाच्या पत्त्यावर पाठवण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात रूढ होती, आणि लेखकाने हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले व तिकिटे लावलेले पाकीट जोडावे, अशी अपेक्षा त्या प्रथेत गृहीत होती. या चिठ्ठीवर नकाराचे कारण बहुधा नसे. त्यामुळे कोणत्या दोषांपायी कथा परत गेल्या, याचा शोध आडवाटेने घ्यावा लागतो : मासिकांनी लेखकांना केलेल्या सूचना, लेखनतंत्रावरील पुस्तके, संपादक आणि लेखक यांचा पुढे प्रसिद्ध झालेला पत्रव्यवहार, वेळोवेळी झडलेले वाङ्मयीन वाद आणि मुख्यतः खुद्द अंक, ही त्या शोधाची साधने होत. ही साधने एकत्र ठेवून पाहिली असता असे दिसते की कथेतील दोषांची यादी कधीच स्थिर नव्हती. त्यांतील काही दोष छापखान्याने ठरवले, काही कायद्याने, काही मासिक ज्या घरांत वाचले जाई त्या घरांच्या मर्यादेने आणि काही सौंदर्यविचाराने. शिवाय एका पिढीच्या संपादकाने जो गुण म्हणून वाखाणला, तोच पुढच्या पिढीच्या संपादकाला कथा परत करण्यास पुरेसा दोष वाटला, असे एकापेक्षा अधिक वेळा घडले.

सर्वांत जुना आणि सर्वांत कमी चर्चिलेला दोष हस्तलिखिताचा होता. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलेला असावा, ही सूचना मासिकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. ती टापटिपीच्या आग्रहातून आलेली नव्हती, तर तिचे मूळ खिळे जुळवण्याच्या पद्धतीत होते. देवनागरीसाठी मुळाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून शेकडो वेगवेगळे खिळे लागत, आणि ते खणाखणांच्या लाकडी पेटीतून, म्हणजे ‘केस’मधून, एकेक उचलून कंपोझिटर ओळ जुळवीत असे. काम लवकर व्हावे म्हणून एकाच कथेची पाने दोन-तीन कंपोझिटरांत वाटली जात. पाठपोट लिहिलेला कागद असा वाटता येत नसे, आणि समास नसेल तर संपादकाने केलेली दुरुस्ती कोठे लिहावी हा प्रश्न उरे. अक्षर लागले नाही तर कंपोझिटर अंदाजाने शब्द जुळवी, मुद्रितांत, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या छापात, चुका वाढत आणि दुरुस्तीचा खर्च मालकाच्या अंगावर येई. ज्या छोट्या मासिकाचे संपादक, मुद्रितशोधक आणि व्यवस्थापक ही कामे एकाच माणसाकडे असत, त्याच्या दृष्टीने दुर्वाच्य हस्तलिखित ही प्रत्यक्ष आर्थिक हानी होती, आणि अशी कथा न वाचताच बाजूला पडली असेल तर त्याबद्दल त्या संपादकाला फार दोष देता येणार नाही.

कथेच्या लांबीचा प्रश्नही याच यंत्रव्यवहाराशी जोडलेला होता. एका मोठ्या तावावर एकदम छापून घडी घातल्यावर होणाऱ्या आठ किंवा सोळा पानांच्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात, आणि मासिकाचा अंक फर्म्यांच्या पटीतच निघू शकतो. एखादी चांगली कथा चार पाने जास्त झाली तर ती कापावी, दुसरा मजकूर काढावा किंवा नवा फर्मा वाढवावा, असे तीनच मार्ग असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई झाली, त्याच्या वापरावर सरकारी नियंत्रण आले आणि पाने कमी करणे भाग पडले, तेव्हा पाल्हाळ, म्हणजे मूळ गोष्ट पुढे न नेणारे विस्तृत वर्णन, हा दोष आणखीच ठळक झाला. आटोपशीरपणाच्या ज्या आग्रहाला पुढे कलामूल्याची प्रतिष्ठा मिळाली, त्याचा काही भाग तरी कागदाच्या हिशेबातून आलेला आहे, हे मान्य करावयास हवे.

कथेच्या अंतरंगातील दोषांची जाणीव मात्र आधीच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकार घेऊ लागली होती. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या ना. स. रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत योगायोग, वेषांतरे, अपहरणे आणि अखेरचे पुनर्मीलन ही वाचकाला हवीहवीशी वाटणारी सामग्री होती, आणि ती वापरणारा लेखक चुकतो असे कोणी मानीत नव्हते. १८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यात स्वतःच्या कादंबऱ्या क्रमशः देण्याबरोबर ‘स्फुट गोष्टी’, म्हणजे स्वतंत्र लहान गोष्टी, छापण्यास आरंभ केला, तेव्हापासून या सामग्रीचे मोल उतरू लागले. पुण्यातील मध्यमवर्गीय घर, तेथील विधवा, शिकू पाहणारी सून, दुष्काळात गाव सोडणारे कुटुंब हे आपट्यांचे विषय होते; ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची दुष्काळावरील कथा त्या दृष्टीने आजही वाचनीय आहे. अशा मजकुराच्या शेजारी राजपुत्राच्या अंगठीवरून ओळख पटण्याची गोष्ट विजोड वाटू लागणे स्वाभाविक होते. ‘करमणूक’मधील बराचसा मजकूर आपटे स्वतःच लिहीत असल्याने तेथे परक्यांच्या कथा निवडण्याचा प्रसंग तुलनेने कमी आला असावा, पण मराठी कथेने संभाव्यतेची, म्हणजे ‘असे खरोखर घडू शकेल का’ या प्रश्नाची, कसोटी स्वीकारली ती या साप्ताहिकापासून, असे म्हणता येते. बोधाचा आग्रह मात्र आपट्यांनी सोडला नाही, आणि त्या काळी तो दोष गणला जात नव्हता.

निवड करणारा संपादक या अर्थाने पहिली मोठी व्यक्ती म्हणजे काशिनाथ रघुनाथ आजगावकर. बंगाली साहित्याविषयीच्या प्रेमातून ‘मित्र’ हे बंगाली आडनाव धारण केलेल्या या संपादकाने १८९५ मध्ये ‘मासिक मनोरंजन’ काढले, स्त्रियांना लिहिते केले, चित्रांना जागा दिली आणि १९०९ मध्ये मराठीतील पहिला दिवाळी अंक प्रसिद्ध केला. ‘मनोरंजन’मध्ये वि. सी. गुर्जर यांच्यामुळे ‘संपूर्ण गोष्ट’ हा प्रकार स्थिरावला. क्रमशः न चालता एकाच अंकात पुरी होणारी कथा, असा त्याचा अर्थ होता. ही संज्ञा आज साधी वाटते, परंतु तिने लेखकापुढे एक नवी अडचण उभी केली. क्रमशः कादंबरीत पहिली चार प्रकरणे कुळकथा सांगण्यात गेली तरी वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत असे. संपूर्ण गोष्टीत मात्र नायकाच्या आजोबांपासून आरंभ करणाऱ्या लेखकाची जागा मूळ प्रसंग येण्याआधीच संपून जाई. आरंभ फार मागून करणे हा नवख्या कथाकाराचा दोष मराठीत येथून ओळखू येऊ लागतो, आणि तो आजही नाहीसा झालेला नाही.

‘मनोरंजन’च्या काळातील दुसरी मोठी अडचण उसनवारीची होती. इंग्रजी आणि बंगाली कथांची रूपांतरे, म्हणजे पात्रांची नावे, गाव आणि चालीरीती बदलून केलेले देशीकरण, त्या वेळी विपुल प्रमाणात होत असे, आणि ‘आधाराने’ असा उल्लेख करणे हे लेखकाच्या सचोटीवर अवलंबून होते. खुद्द ना. सी. फडके यांची १९१७ मधील ‘अल्ला हो अकबर’ ही पहिली कादंबरी मेरी कॉरेली यांच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली होती, यावरून ही वहिवाट किती सर्वमान्य होती हे लक्षात येते. रूपांतरामुळे मराठी कथेला बांधणीचे शिक्षण मिळाले, हे खरे. पण त्यातून एक विशिष्ट प्रकारचा खोटेपणाही शिरला. पुण्याच्या वाड्यातील मुलगी परपुरुषाशी एकांतात दीर्घ संवाद करते, कोकणातल्या घरात शेकोटीच्या कपारीजवळ बसून पत्र वाचले जाते, अशी दृश्ये अशा लेखनात येणे अपरिहार्य होते, आणि जाणत्या संपादकाला त्यांवरूनच मूळ परके आहे हे कळत असे. स्वतःच्या परिसराकडे न पाहता वाचलेल्या पुस्तकाकडे पाहून लिहिणे हा दोष रूपांतराची लाट ओसरल्यावरही वेगळ्या रूपांत टिकून राहिला.

संपादकाच्या हाती पूर्ण सत्ता होती, असेही मानण्याचे कारण नाही. १९१० च्या वृत्तपत्रविषयक कायद्याने छापखान्यांकडून जामिनाच्या रकमा मागण्याचा आणि त्या जप्त करण्याचा अधिकार सरकारला दिला होता, आणि त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०८ मध्ये, लोकमान्य टिळक आणि ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे या दोघांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाल्या होत्या. अशा स्थितीत परवशतेवर स्पष्ट बोलणारी कथा कितीही चांगली असली तरी ती छापणे म्हणजे छापखाना पणाला लावणे होते. या बाहेरच्या दडपणाच्या जोडीला घराचे दडपण होते. मासिक सासू, सून आणि शाळकरी मुले यांच्या हाती पडत असल्याने स्त्री-पुरुष संबंधांविषयी काय लिहावे याची अलिखित मर्यादा संपादक पाळीत. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला आणि अविवाहित, कमावत्या स्त्रीच्या मनातील इच्छा त्यात उघडपणे आल्या, तेव्हा मालतीबाई बेडेकर यांना आपले नाव दीर्घकाळ झाकून ठेवावे लागले. कथेतील धीटपणा हा त्या वातावरणात दोष मानला जात होता, आणि तो दोष मानणाऱ्यांची चूक पुढील काळाने निर्विवादपणे सिद्ध केली.

कथेचे दोष शास्त्रासारखे मांडण्याचा पहिला जोमदार प्रयत्न ना. सी. फडके यांनी केला. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रतिभासाधन’ या पुस्तकात आणि त्यानंतर लघुकथेच्या तंत्रावरील लेखनात त्यांनी कथानकाची गुंफण, आकर्षक आरंभ, वाढत जाणारी उत्कंठा, उत्कर्षबिंदू आणि परिणामकारक शेवट यांची मांडणी केली. ‘तंत्र’ ही संज्ञा मराठी कथाविचारात रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. १९२६ मध्ये सुरू झालेले ‘रत्नाकर’ आणि त्यानंतरचे ‘यशवंत’ यांसारखी मासिके कथेला प्राधान्य देत होती, लिहू पाहणाऱ्या तरुणांची संख्या वाढत होती, आणि त्यांना मार्ग दाखवणारे दुसरे काहीच उपलब्ध नव्हते. फडक्यांची शिकवण व्यवहार्य होती. एका कथेत एकच मुख्य परिणाम साधावा, पात्रांची गर्दी करू नये, संवाद चटपटीत असावेत आणि वाचकाला पहिल्याच परिच्छेदात धरून ठेवावे, हे नियम पाळणाऱ्याचे हस्तलिखित संपादकाच्या टेबलावर इतरांपेक्षा अधिक टिकत असणार, यात शंका नाही. गोष्टीवेल्हाळ सैलपणातून मराठी कथेला बाहेर काढण्याचे श्रेय फडक्यांना द्यावेच लागते. नंतरच्या टीकाकारांनी ते पुष्कळदा दिलेले नाही आणि ते न्याय्य झाले नाही.

परंतु नियम सोपे असले की त्यांचे अनुकरणही सोपे होते. शेवटच्या चार ओळींत अकल्पित कलाटणी द्यावयाची, एवढेच तंत्राचे सार उरले, आणि त्या कलाटणीसाठी वाचकापासून मुद्दाम माहिती दडवून ठेवलेल्या कथा लिहिल्या जाऊ लागल्या. दडवलेली गोष्ट कळल्यावर कथा दुसऱ्यांदा वाचावीशी वाटत नाही, ही त्या बांधणीची मूळ उणीव होती. या साच्याविरुद्धचे पहिले पुरावे तात्त्विक लेखांतून नव्हे, तर कथांमधूनच मिळाले. हा साचा रूढ होण्याआधीच दिवाकर कृष्ण यांनी मनाच्या हळुवार अवस्थांना कथेत स्थान दिले होते. तीसच्या दशकात वामन चोरघडे आणि कुसुमावती देशपांडे यांनी कथानक जवळजवळ नसलेल्या, एका भावस्थितीवर उभ्या राहणाऱ्या कथा लिहिल्या, तर य. गो. जोशी यांनी तंत्राची पर्वा न करता घरगुती बोलण्याच्या ओघात कथा सांगून वाचकांची मने जिंकली. तंत्राच्या यादीप्रमाणे तपासले असते तर यांतील कित्येक कथा सदोष ठरल्या असत्या. त्या ज्या संपादकांनी छापल्या, त्यांनी नियमापेक्षा स्वतःच्या वाचनावर अधिक भरवसा ठेवला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

या पार्श्वभूमीवर मुंबईतील गिरगावच्या खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथा’ मासिकाचा विचार करावा लागतो. १९३३ मध्ये सुरू झालेले हे मासिक चाळीसच्या दशकात श्री. पु. भागवत यांच्या संपादनाखाली नव्या कथेचे मुख्य व्यासपीठ झाले, आणि पुढे राम पटवर्धन यांनी ते काम वर्षानुवर्षे वाहिले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर या चौघांची नावे ज्या ‘नवकथे’शी जोडली जातात, तिला येथे आश्रय मिळाला, बडोद्याहून १९४३ पासून निघणाऱ्या ‘अभिरुची’चाही त्यात मोलाचा वाटा होता. या संपादकांमागे बा. सी. मर्ढेकर यांचा सौंदर्यविचार उभा होता. कलाकृतीतील प्रत्येक घटक इतर घटकांशी अशा रीतीने बांधलेला असावा की त्यातील एक काढला तर संपूर्ण रचना बिघडावी, या कल्पनेला मराठी समीक्षेत सेंद्रिय एकात्मता असे नाव मिळाले, आणि ‘घाट’ हा शब्द कथेच्या बाह्य आकारापुरता न राहता आशयाने स्वतःसाठी घेतलेल्या रूपाचा वाचक झाला.

या विचारामुळे दोषांची यादी मुळापासून बदलली. तंत्राच्या काळात शेवट ढिला असणे हा दोष होता. आता शेवट फार घट्ट, फार नेटका असणे संशयास्पद ठरले, कारण आयुष्यातील अनुभव असा गाठ मारून संपत नाही. बोध सांगणे तर पूर्णच बाद झाले. याहून सूक्ष्म असा एक दोष या काळात ओळखला गेला, तो म्हणजे निवेदकाचे अनाठायी भाष्य. एखाद्या सासूचा स्वभाव दाखवण्यासाठी लेखक तिला प्रथम स्वतःच कजाग म्हणतो, मग तिच्या तोंडी कजाग वाक्ये घालतो, त्यानंतर शेजारणीकडूनही तसेच वदवतो आणि अखेरीस सुनेच्या डोळ्यांत पाणी आणतो. एवढे सगळे करूनही ती सासू वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही, कारण तिने काय केले याकडे लेखकाने पाहिलेलेच नसते. सुनेसाठी झाकून ठेवलेल्या भाताच्या पातेल्याला तिने खरकटा हात लावला, एवढीच कृती नेमकी टिपली असती तर विशेषणांची गरज पडली नसती. अशा लेखनाला संपादकीय बोलीत ‘बटबटीत’ म्हटले जाई. लेखकाने जपलेला पण वाचकापर्यंत न पोहोचलेला कढ ‘भाबडा’ ठरे, आणि ज्या प्रसंगाचा, पात्राचा किंवा शब्दाचा उपयोग पूर्वी इतक्यांनी केला आहे की त्यात पाहणे उरलेलेच नाही, त्याला ‘सांकेतिक’ असे नाव होते. पावसाळी संध्याकाळ, खोकणारा गरीब नायक, स्टेशनवरचा निरोप ही सारी सांकेतिक सामग्री होती. या तीन शब्दांनी मराठी कथेला जे शिकवले, ते कोणत्याही तंत्रग्रंथाला शिकवता आले नाही.

‘सत्यकथे’चे वैशिष्ट्य असे की तिच्या संपादकांनी नकाराबरोबर पुष्कळदा कारणही दिले. आशादायक वाटलेल्या लेखकाला पत्र जाई, कोणता भाग सैल आहे, कोणते पात्र फक्त सोयीसाठी आणले आहे, कोठे लेखकाची भाषा पात्राच्या तोंडी आली आहे, याची चर्चा होई आणि पुनर्लेखनाची सूचना केली जाई; एकाच कथेचे दोन-तीन खर्डे होणे हे तेथे नवलाचे नव्हते. राम पटवर्धन हे स्वतः भाषेचे बारकावे जाणणारे होते, आणि त्यांनी केलेला ‘पाडस’ हा अनुवाद त्याची साक्ष देतो. ज्या काळात महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यापीठात कथालेखन शिकवले जात नव्हते, त्या काळात धारवाडच्या महाविद्यालयातील प्राध्यापक असो की तालुक्याच्या गावचा शिक्षक, त्याला आपल्या हस्तलिखिताचे काटेकोर वाचन करून मिळण्याची ही जवळजवळ एकमेव सोय होती, आणि ती एका पोस्टाच्या तिकिटात उपलब्ध होती. मराठी वाङ्मयावर या पत्रव्यवहाराचे ऋण फार मोठे आहे.

त्याच वेळी या अभिरुचीची एक सीमा होती, आणि ती भाषेच्या प्रश्नात स्पष्ट दिसते. छापील मराठीचे प्रमाण रूप हे प्रामुख्याने पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वर्गाच्या भाषेवर बेतलेले होते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि पूर्वीच्या लेखनातील कित्येक अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे लिहिणे काहीसे सुलभ झाले. तरीही जो मुलगा घरी वऱ्हाडी, अहिराणी किंवा माणदेशी बोलत होता, त्याच्या हस्तलिखितात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या तर त्या अज्ञानाच्या खुणा म्हणून वाचल्या जाण्याचा धोका कायम होता. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसे’ने १९४९ मध्ये, आणि त्यानंतर शंकर पाटील यांच्या कथांनी, ग्रामीण माणसाला हास्यविषय न करता त्याच्याच बोलीत बोलू दिले. प्रारंभी निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, अशी वाटणी होती. आनंद यादव यांनी निवेदनही बोलीत नेले, तेव्हा जी भाषा एकेकाळी अशुद्ध म्हणून दुरुस्त केली गेली असती, तीच कथेचा घाट ठरवू लागली. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या १९६० मधील कादंबरीतील वऱ्हाडी संवाद प्रमाणभाषेत लिहून पाहिले तर त्या पुस्तकातून काय नाहीसे होते, हे चटकन उमगते.

बोलीला मान मिळाला, पण अनुभवाच्या सर्व थरांना मिळाला असे नाही. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला, आणि त्यातील आवेग, उंच पट्टीचा सूर, थेट संताप यांपुढे संयम व सूचकता या निकषांची परीक्षाच झाली. नवकथेच्या मापाने भडक वाटावे असे बरेच काही या कथांत आहे. परंतु ज्या जगण्यात प्रत्यक्ष हिंसा रोजची आहे, त्याच्या कथेकडून दबल्या आवाजाची अपेक्षा करणे ही कलेची अट आहे की सुरक्षित घरातून आलेली सवय आहे, हा प्रश्न येथे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने अधिक झुकते. अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि राजा ढाले यांच्या पिढीने काढलेल्या लघुनियतकालिकांनी, म्हणजे अल्प खर्चात, अल्प प्रतींत आणि जाहिरातींविना निघणाऱ्या अनियतकालिक अंकांनी, प्रस्थापित मासिकाच्या निवडीलाच आव्हान दिले. शहाणे यांनी १९६३ मध्ये समकालीन मराठी वाङ्मयावर केलेला कठोर हल्ला बराच गाजला, आणि १९६९ मध्ये राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली. त्याच सुमारास औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांना लिहिण्याची जागा दिली. तेथील अनेक लेखक आपापल्या घरात लिहावयास शिकलेली पहिली पिढी होते, आणि त्यांच्या लेखनातील व्याकरणदोष आणि वाङ्मयीन दोष यांत फरक करून वाचणे हे पानतावण्यांनी संपादकाचे कर्तव्य मानले.

‘सत्यकथा’ म्हणजे सगळी मराठी मासिके नव्हेत, हेही ध्यानात ठेवावयास हवे. शंकर वासुदेव किर्लोस्कर यांची ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके सुधारणावादी होती. नशिबाला बोल लावून अन्याय निमूट सोसणारी नायिका तेथील धोरणाशी विसंगत होती. अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या ‘हंस’ने आणि त्यांच्याच ‘मोहिनी’ व ‘नवल’ने विनोद, रहस्य आणि अद्भुत यांना सन्मानाने वागवले, जी गूढकथा खटाववाडीत रेंगाळली नसती, तिला तेथे घर होते. दिवाळी अंकांचा व्यवहार आणखी निराळा होता, कारण तेथे नामवंतांकडून मजकूर मागवलेला असे आणि मागवलेला मजकूर परत करणे संकोचाचे होई, त्यामुळे थकलेल्या लेखकांच्या घाईत लिहिलेल्या कथा त्या अंकांत सहज शिरत आणि अनोळखी लेखकाला उरलेली जागा थोडी असे. कायद्याचा धाकही संपलेला नव्हता. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या लेखनावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयात लेखकाच्या विरुद्ध निर्णय लागला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते लेखन अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. मधल्या सात वर्षांत, धीट कथा हाती आल्यावर किती संपादकांचा हात मागे सरला असेल, याची कल्पना करता येते.

नवकथेच्या यशातूनच तिचा स्वतःचा दोष जन्माला आला. काहीच न घडणारी, खिडकीशी बसलेल्या एकाकी माणसाच्या मनात फिरणारी, प्रतिमांनी लगडलेली आणि मध्येच थांबणारी कथा लिहिली की ती ‘सत्यकथे’त जाईल, असा समज लिहिणाऱ्यांत पसरला, तसेच जी. ए. कुलकर्णी यांच्या उत्तरकाळातील रूपकात्मक कथांनंतर निर्मनुष्य प्रदेशातून चाललेला अनाम प्रवासी मराठी कथेत वारंवार दिसू लागला. जी. एं.च्या कथेतील त्या प्रदेशामागे बेळगाव-धारवाडकडचा परिसर, दारिद्र्याचे नेमके तपशील आणि अफाट वाचन उभे होते. अनुकरणात केवळ धूसरपणा आला. चाळीसच्या दशकात सांकेतिकतेविरुद्ध उभ्या राहिलेल्या कथेचे असे संकेत तयार झाले, आणि ज्या संपादकांनी तिला वाढवले त्यांनाच तिच्या प्रतिकृती परत पाठवाव्या लागल्या.

१९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाली. ती चालवणाऱ्या ‘मौज’ या संस्थेचा दिवाळी अंक मात्र पुढेही निघत राहिला. १९७७ पासूनच्या ‘अनुष्टुभ्’सारख्या नियतकालिकांनी गंभीर कथेला जागा दिली, परंतु प्रत्येक हस्तलिखित वाचून त्यावर लिहिण्याइतका वेळ असणारे मासिक पुन्हा त्या प्रमाणात उभे राहिले नाही. खिळ्यांची जागा संगणकीय जुळणीने घेतल्यावर समासाच्या आणि एकाच बाजूच्या सूचनाही गेल्या. या इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक अडचण मात्र कायमची राहिली आहे. स्वीकारलेली कथा अंकात आणि नंतर संग्रहात राहिली, संपादकांची काही पत्रे छापली गेली, पण नाकारलेले हस्तलिखित प्रथेप्रमाणे लेखकाच्या घरी परत गेले आणि त्याची प्रत कचेरीत ठेवण्याची पद्धत सर्वसाधारणपणे नव्हती. दुसऱ्या मासिकात किंवा लघुनियतकालिकात जिला जागा मिळाली, तेवढ्याच परत आलेल्या कथेबाबत संपादकाचा निर्णय आज तपासता येतो. आणि अशा तपासणीत संपादक बांधणीच्या दोषांबद्दल बहुधा बरोबर, तर भाषा आणि विषय यांच्या दोषांबद्दल पुष्कळदा चूक ठरलेले दिसतात.